१६ व्या वर्षी शाळा सोडली, २४ व्या वर्षी नोकरी सोडली, तरी सर्किटच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही याच गड्याचे शब्द चालतात

तुमच्या ओळखीत कुणी इलेक्ट्रॉनिक्सवाला इंजिनिअर असेल तर एकदा त्याच्या लॅपटॉपमध्ये डोकावून बघा. स्क्रीनवर रेघांचं जाळं, त्यात नागमोडी चिन्हं आणि मध्येमध्ये चौकोनी डबे दिसतील. हे झालं सर्किट डिझाईनचं सॉफ्टवेअर.

यातले काही डबे सॉफ्टवेअरसोबत आयते येतात, पण बरेच डबे इंजिनिअर लोक स्वतः बनवतात. एकदा बनवायचा, लायब्ररीत टाकायचा आणि मग पाहिजे तितक्या वेळा वापरायचा. प्रत्येक वेळी आतलं सर्किट नव्याने काढायची गरज नाही. डब्यावर फक्त आकडे बदलायचे. इथे लांबी १ किलोमीटर, तिथे १० किलोमीटर, बाकी काम सॉफ्टवेअर करतं.

या आकड्यांना पॅरामीटर म्हणतात.

आता लांब तारेचा, म्हणजे टेलिफोनच्या किंवा केबलच्या लाईनचा डबा उघडला तर तिथे चार अक्षरं दिसतात. आर, एल, जी आणि सी. रेझिस्टन्स, इंडक्टन्स, कंडक्टन्स आणि कपॅसिटन्स. जगातली कुठलीही तार घ्या, तिचं वागणं या चार आकड्यांत मांडता येतं.

ही चार अक्षरं एका समीकरणात बसवणारा माणूस कधी कॉलेजात गेला नाही. शेवटची पगाराची नोकरी त्याने २४ व्या वर्षी सोडली. त्याच्या शोधावर दुसऱ्याने लाखो डॉलर कमावले आणि हा मात्र पेन्शनवर जगत राहिला.

त्याचं नाव ऑलिव्हर हेविसाइड.

लंडनच्या गल्लीतलं पोर

१८ मे १८५० ला लंडनच्या कॅम्डन टाऊन भागात ऑलिव्हरचा जन्म झाला. वडील थॉमस लाकडावर चित्रं कोरायचे. त्या काळी पुस्तकांत आणि मासिकांत चित्रं छापायला असे लाकडी ठसे लागायचे. कला मोठी होती, पण कमाई बेताची. घरात चार पोरं, त्यात ऑलिव्हर शेंडेफळ. घर चालावं म्हणून आई घरातच मुलींची शाळा चालवायची.

लहानपणी ऑलिव्हरला स्कार्लेट फिवर झाला. जीव वाचला, पण कान अधू झाले. गल्लीतली पोरं काय बोलतात ते नीट ऐकू येईना, त्यामुळे खेळात कुणी घेईना. पोरगं एकटं पडलं. हा एकटेपणा त्याला जन्मभर पुरला.

पण घरच्या नात्यात एक मोठा माणूस होता. आईची बहीण एमा हिचे यजमान म्हणजे सर चार्ल्स व्हीटस्टन. विजेच्या तारयंत्रातले त्या काळचे बडे नाव. सायन्सला असलेल्यांनी बारावीच्या प्रॅक्टिकलला व्हीटस्टन ब्रिज केला असेलच. तेच हे व्हीटस्टन. कॉन्सर्टिना हे हाताने दाबून वाजवायचं वाद्यही त्यांचंच.

ऑलिव्हर अभ्यासात हुशार होता. १८६५ मध्ये एका परीक्षेला पाचशेहून जास्त मुलं बसली, त्यात पठ्ठ्या पाचवा आला. फक्त युक्लिडच्या भूमितीत मार खाल्ला. पाठ केलेल्या पायऱ्या जशाच्या तशा लिहायचा त्याला मनापासून कंटाळा होता. पुढे आयुष्यभर गणिती लोकांशी त्याचं वाजलं, त्याची सुरुवात इथेच होती.

१६ व्या वर्षी शाळा सुटली. पुढच्या शिक्षणाला पैसे नव्हते. मग त्याने घरीच अभ्यास सुरू केला. मोर्स कोड शिकला, जर्मन शिकला, डॅनिश शिकला.

समुद्राखालची तार आणि एक कोडं

१८६८ मध्ये इंग्लंड ते डेन्मार्क अशी समुद्राखालून तार टाकली गेली. ऑलिव्हरला तिथे तारऑपरेटर म्हणून नोकरी लागली आणि १८ वर्षांचा पोरगा डेन्मार्कला पोचला. दोनेक वर्षांनी त्याची बदली इंग्लंडच्या न्यूकॅसलला झाली.

काम साधं होतं. तार पाठवायची, तार घ्यायची आणि बिघाड झाला तर शोधायचा. पण ऑलिव्हरचं डोकं भलत्याच गोष्टीत अडकलं. त्याच्या लक्षात आलं की त्याच तारेवरून एका दिशेने संदेश वेगात जातात आणि उलट दिशेने हळू जातात. तार तीच आणि वीजही तीच, मग फरक कशाचा?

त्या काळी समुद्राखालच्या तारा म्हणजे डोकेदुखी होती. १८५८ मध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली तार टाकली. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना शुभेच्छा पाठवल्या. संदेश ९८ शब्दांचा होता आणि तो पोचायला तब्बल १६ तास लागले. पुढच्या काही आठवड्यांत ती तार बंदही पडली.

संदेश इतका रखडतो कशाने, याचा हिशेब विल्यम थॉमसन यांनी १८५४-५५ च्या सुमारास मांडला होता. हेच थॉमसन पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले. त्यांनी तारेत दोनच गोष्टी धरल्या. एक तारेचा रेझिस्टन्स आणि दुसरा कपॅसिटन्स, म्हणजे तारेची वीज साठवून ठेवायची सवय. या हिशेबानुसार वीज तारेत अशी पसरते जशी तापलेल्या सळईत उष्णता पसरते. समुद्राखालच्या संथ तारांसाठी हा हिशेब चांगला चालला.

पण तो अपुरा होता. न्यूकॅसलचा हा तारऑपरेटर तीच उणीव शोधत होता.

१८७३ मध्ये फिलॉसॉफिकल मॅगझिन या नावाजलेल्या नियतकालिकात त्याचा व्हीटस्टन ब्रिजवरचा लेख छापून आला. ब्रिज कसा जुळवला तर मोजमाप जास्तीत जास्त अचूक येईल, हा विषय. साध्या ऑपरेटरचा लेख, पण त्याची दखल घेतली जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी. त्यांच्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत या कामाचा उल्लेख आला.

त्याच वर्षी मॅक्सवेल यांचा वीज आणि चुंबकत्वावरचा मोठा ग्रंथ प्रकाशित झाला होता. ऑलिव्हरने तो लायब्ररीत चाळला आणि गडी पार हादरला. त्यातलं गणित त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्याने ठरवलं, हा ग्रंथ समजून घ्यायचाच.

मे १८७४ मध्ये त्याने नोकरीचा राजीनामा दिला. वय २४.

त्यानंतर त्याने पुन्हा कधीच नोकरी केली नाही. तो लंडनला आईवडिलांच्या घरी परत आला, खोलीचं दार लावून घेतलं आणि अभ्यासाला बसला.

चार अक्षरांचा डबा

१८७६ मध्ये त्याने थॉमसन यांच्या हिशेबात तिसरी गोष्ट घातली, ती म्हणजे इंडक्टन्स. तारेतून वीज वाहते तेव्हा भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि विजेत कुठलाही बदल करायला गेलं की ते आडवं येतं. भरलेली बैलगाडी जशी पटकन हलत नाही आणि हलली की पटकन थांबत नाही, तसलाच हा प्रकार. पुढे चौथी गोष्ट आली, तारेच्या आवरणातून होणारी गळती. तिला त्याने कंडक्टन्स म्हटलं.

इथे खरी गंमत समजून घ्या.

त्याने शेकडो मैलांच्या तारेचा एकदम विचार केला नाही. तारेचा इवलासा तुकडा घेतला. त्या तुकड्यात थोडा रेझिस्टन्स आणि थोडा इंडक्टन्स ओळीने ठेवला. थोडी गळती आणि थोडा कपॅसिटन्स आडवा जोडला. आता असे तुकडे एकापुढे एक जोडत जा. पूर्ण तार तयार.

आज सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा डबा बनवणारा पोरगा अगदी हेच करतो. एका छोट्या तुकड्याचं सर्किट काढतो. किमतींच्या जागी आकडे न लिहिता महिरपी कंसात नावं लिहितो. आर गुणिले लांबी भागिले तुकड्यांची संख्या, असं. मग वरून एक चौकोन काढतो, त्याला आत जाणारी, बाहेर येणारी आणि जमिनीची अशी टोकं देतो. पॅरामीटरना सुरुवातीच्या किमती देऊन ठेवतो. हा चौकोन म्हणजे सिम्बॉल आणि आतलं सर्किट म्हणजे सबसर्किट. चौकोन दहा वेळा ओळीने ठेवला की तार तयार. सिम्युलेशन चालवलं की सॉफ्टवेअर प्रत्येक चौकोन उघडतं, नावांच्या जागी आकडे घालतं आणि गणित सोडवतं.

जाता जाता दोन खड्डे सांगून ठेवतो, कारण यात सगळेच एकदा तरी पडतात. पहिला खड्डा टोकांच्या क्रमाचा. चौकोनावरचा क्रम आणि आतल्या सर्किटचा क्रम जुळला नाही तर उत्तर चुकतं आणि चूक कुठे आहे ते दिसत नाही. दुसरा खड्डा एम या अक्षराचा. स्पाइस घराण्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये आकड्यापुढे एम लिहिलं तर त्याचा अर्थ मिली होतो, मग तो मोठा लिहा की छोटा. मेगा हवं असेल तर मेग असं लिहावं लागतं. एका अक्षरात शंभर कोटी पटीचा घोळ.

आता तुम्ही म्हणाल, लाईनचा डबा सॉफ्टवेअरसोबत आयता येतो ना, मग बनवायचा कशाला? येतो की. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात १९७३ मध्ये स्पाइस हा प्रोग्राम पुढे आला. त्याच्या तिसऱ्या पिढीत गळक्या, तोट्याच्या लाईनसाठी आयतं मॉडेल आहे. त्यात आर, एल, जी, सी आणि लांबी असे सगळे पॅरामीटर आहेत. पण चारही एकत्र शून्याहून जास्त ठेवले तर ते मॉडेल चालत नाही. ठरावीक जोड्याच चालतात, बाकी जोड्यांना उत्तर चुकीचं येईल असं त्याच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलंय.

आणि हेविसाइडचा सगळ्यात मोठा शोध नेमका चारही अक्षरं एकत्र असण्यात आहे. तो पडताळून बघायचा तर डबा स्वतःच बनवावा लागतो.

जो शोध सगळ्यांना उलटा वाटला

१८८० च्या दशकात टेलिफोन पसरू लागला आणि नवी अडचण आली. लांब तारेवर आवाज नुसता बारीक व्हायचा नाही, तर फाटायचा. शब्द एकमेकांत मिसळायचे.

कारण असं की माणसाच्या आवाजात जाड आणि बारीक असे कितीतरी सूर एकत्र असतात आणि तारेतून प्रत्येक सूर वेगळ्या वेगाने जातो. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल आणि ताशा मंडळापासून एकत्र निघावेत आणि चौकात मात्र ताशा आधी आणि ढोल मागून पोचावा, अशातली गत. वाजवणारे तेच, पण ताल गेला.

हेविसाइडने चार अक्षरांचं समीकरण सोडवलं आणि १८८७ मध्ये त्याला उत्तर सापडलं. आर भागिले एल आणि जी भागिले सी हे दोन आकडे सारखे झाले, तर सगळे सूर एकाच वेगाने जातात आणि सारखेच बारीक होतात. पलीकडे आवाज हळू येईल, पण फाटणार नाही.

ढोबळ आकडे घेऊन बघू. टेलिफोनच्या जोडतारेच्या एका किलोमीटरला आर ५० ओहम, एल ०.६ मिलिहेन्री, सी ५० नॅनोफॅरड आणि जी साधारण १ मायक्रोसिमेन्स धरा. पहिला भागाकार ८३ हजारांच्या वर जातो. दुसरा फक्त २० येतो. चार हजार पटीहून जास्त तफावत.

ही तफावत कमी कशी करायची? गळती वाढवली तर दुसरा आकडा वाढेल, पण आवाजच गळून जाईल. दुसरा रस्ता म्हणजे एल वाढवायचा. तारेत ठरावीक अंतरावर गुंडाळी, म्हणजे कॉईल बसवायची.

त्या काळच्या जाणकारांना हे ऐकून वेड लागायची पाळी आली. इंडक्टन्स म्हणजे अडथळा असंच सगळ्यांनी धरलेलं होतं. अडथळा वाढवला की आवाज सुधारतो, हे कुणाला पटणार?

आडवा आलेला साहेब

सगळ्यात कमी पटलं ते विल्यम प्रीस यांना. १८७० पासून ब्रिटनमधलं देशातलं तारखातं पोस्ट ऑफिसच्या ताब्यात होतं आणि प्रीस तिथले बडे अधिकारी. थॉमसन यांचा जुना दोन अक्षरांचा हिशेब त्यांनी टेलिफोनलाही लावला होता. इंडक्टन्स हानिकारक आहे असं ते जाहीर सांगत होते. कागदावरच्या गणितापेक्षा कामाचा अनुभव मोठा, असं त्यांचं मत.

ऑलिव्हरचा थोरला भाऊ आर्थर हा पोस्ट ऑफिसमध्येच इंजिनिअर होता. तो प्रत्यक्ष लाईनवर प्रयोग करायचा आणि ऑलिव्हर गणित मांडायचा. १८८७ मध्ये दोघा भावांनी मिळून टेलिफोनवर एक शोधनिबंध लिहिला. आर्थर सरकारी नोकर असल्याने तो छापायला वरिष्ठांची परवानगी हवी होती. वरिष्ठ म्हणजे प्रीस.

परवानगी मिळाली नाही.

ऑलिव्हरचा दुसरा आधार होता द इलेक्ट्रिशियन हे साप्ताहिक. तिथे त्याची लेखमाला अनेक वर्षं चालू होती आणि त्याचे थोडेफार पैसे मिळायचे. १८८७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथले संपादक बिग्ज यांना पद सोडावं लागलं. नव्या संपादकांनी चौकशी केली, त्यांना ही लेखमाला वाचणारा कुणी सापडेना, म्हणून ती बंद झाली.

एका वर्षात निबंध अडला, लेखमाला बंद पडली. हातात होतं ते फक्त उत्तर. ते बरोबर आहे हे त्याला माहीत होतं, पण ऐकायला कुणी नव्हतं.

दिवस फिरले, पण पैसे दुसऱ्याला

१८८८ मध्ये जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ यांनी विजेच्या लहरी प्रयोगात दाखवून दिल्या. मॅक्सवेल बरोबर होते हे सिद्ध झालं. आता मॅक्सवेल खऱ्या अर्थाने कळलेला माणूस कोण, याचा शोध सुरू झाला आणि नाव पुढे आलं हेविसाइडचं. कारण मॅक्सवेल यांची वीस समीकरणं त्याने १८८४-८५ मध्ये आटोपशीर व्हेक्टरच्या रूपात बसवली होती. आज टीशर्टवर छापतात ती चार समीकरणं मॅक्सवेलच्या नावाने ओळखली जातात, पण त्यांचं हे रूप मुख्यतः हेविसाइडच्या हातचं आहे.

जानेवारी १८८९ मध्ये खुद्द थॉमसन यांनी इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या संस्थेत अध्यक्ष म्हणून बोलताना त्याच्या कामाचं कौतुक केलं. ज्यांच्या हिशेबात या पोराने भर घातली होती त्यांनीच पाठ थोपटली. १८९१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

मान मिळाला, पण धनाचं काय?

तारेत कॉईल बसवायची कल्पना हेविसाइडने छापून टाकली होती, पेटंट घेतलं नव्हतं. १८९९-१९०० च्या सुमारास अमेरिकेत मायकेल पुपिन यांनी कॉईल किती अंतरावर बसवायच्या याचं पेटंट मिळवलं. एटी अँड टी कंपनीतले जॉर्ज कॅम्पबेल हेही त्याच गणितावर काम करत होते. शेवटी कंपनीने पुपिन यांचं पेटंट लाखो डॉलर देऊन घेतलं. लांब पल्ल्याचा टेलिफोन या कॉईलींवर चालू लागला. साधारण १.८ किलोमीटरवर एक ८८ मिलिहेन्रीची कॉईल ही मांडणी पुढे सर्रास वापरात आली.

वरच्या आपल्या उदाहरणात ती कॉईल घालून बघा. पहिला भागाकार ८३ हजारांवरून हजाराच्या आसपास येतो. स्वतः बनवलेल्या डब्यात एलचा एकच आकडा बदलायचा, दहाही तुकडे आपोआप बदलतात आणि स्क्रीनवर फाटलेला सिग्नल सावरताना दिसतो. याच एका आकड्यासाठी त्या माणसाने अख्ख्या खात्याशी भांडण घेतलं होतं.

या कॉईलींची एक मर्यादाही आहे. एका ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वर त्या सिग्नल अडवतात. आवाजाला त्याने फरक पडत नव्हता. पण पुढे टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड द्यायची वेळ आली तेव्हा जिथे कॉईली होत्या तिथल्या काढाव्या लागल्या.

गणितातली दांडगाई

हेविसाइडची अजून एक करामत इंजिनिअरिंगची पोरं आजही वापरतात. सर्किटचं गणित म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या गोष्टींचं कॅल्क्युलस. त्याने काय केलं, वेळेनुसार बदल या क्रियेलाच पी हे अक्षर दिलं आणि त्याला साध्या संख्येसारखं वागवलं. कॉईल झाली एल गुणिले पी. कपॅसिटर झाला एक भागिले सी गुणिले पी. आता कितीही गुंतागुंतीचं सर्किट असो, साध्या बेरीज-भागाकाराने एका सूत्रात मावतं. आत काय आहे ते विसरा, दोन टोकांमध्ये हे सूत्र आहे असं समजा आणि पुढे चला.

म्हणजे पुन्हा डबाच की.

गणिती लोक मात्र खवळले. उत्तरं बरोबर येत होती, पण ती बरोबर का येतात याची सिद्धता नव्हती. १८९४ मध्ये रॉयल सोसायटीने त्याच्या या लेखमालेचा तिसरा भाग छापायला नकार दिला. यावर त्याचं म्हणणं असं की पचन कसं होतं ते कळलं नाही म्हणून कुणी जेवण सोडत नाही. पुढे इतरांनी या पद्धतीला लाप्लास ट्रान्सफॉर्मचा पक्का पाया घालून दिला. इंजिनिअरिंगच्या मॅथ्समध्ये हेविसाइडचं युनिट स्टेप फंक्शन येतं, ते याच गड्याच्या नावाने.

आणि शब्दांचं तर विचारूच नका. इंडक्टन्स, इम्पीडन्स, अॅडमिटन्स, कंडक्टन्स, रिलक्टन्स. १८८५ ते १८८८ या काळात हे शब्द त्याने घडवले. स्पीकर घेताना आपण किती ओहम इम्पीडन्स आहे ते बघतो, तो शब्द १८८६ चा आणि याचा.

शेवटची वर्षं

१८८९ मध्ये तो आईवडिलांसोबत डेव्हनमधल्या पेंटन गावी गेला. तिथे भाऊ चार्ल्सचं वाद्यांचं दुकान होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर हे कुटुंब राहायचं. तिथेच त्याच्या मोठ्या ग्रंथाचं काम चाललं. त्याचे तीन खंड १८९३, १८९९ आणि १९१२ मध्ये आले.

१८९४ मध्ये आई गेली, १८९६ मध्ये वडील. हा माणूस पुरता एकटा पडला. मित्रांनी मदत देऊ केली तर ती भीक वाटून त्याने नाकारली. शेवटी मित्रांनी खटपट करून १८९६ मध्ये सरकारकडून वर्षाला १२० पाउंडांचं पेन्शन मिळवून दिलं. तेही घ्यायला त्याचं मन वळवावं लागलं.

१९०२ मध्ये त्याने एका विश्वकोशातल्या लेखात सहज लिहून ठेवलं की आकाशात उंचावर वीज वाहू शकणारा थर असावा आणि त्यामुळेच रेडिओच्या लहरी पृथ्वीच्या गोलाईभोवती वळत असाव्यात. अमेरिकेत आर्थर केनेली यांनीही त्याच वर्षी हेच मांडलं.

१९०८ पासून तो टॉर्की गावातल्या एका घरात राहत होता. कान जवळजवळ गेले होते. घर थंड असायचं, गॅसच्या बिलावरून कंपनीशी सतत भांडणं व्हायची. केंब्रिजचे सर्ल नावाचे एक प्राध्यापक तेवढे वर्षानुवर्षं भेटायला येत राहिले. पत्रांत तो सहीपुढे पदव्यांसारखी डब्ल्यू, ओ, आर, एम अशी अक्षरं लिहू लागला. जोडून वाचली तर इंग्रजीत त्याचा अर्थ होतो किडा.

१९२२ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या संस्थेने फॅरडे पदक सुरू केलं आणि पहिलं पदक हेविसाइडला दिलं. तो काही ते घ्यायला लंडनला जाणारा नव्हता. मग संस्थेचे अध्यक्षच पदक घेऊन त्याच्या दारात आले.

डिसेंबर १९२४ मध्ये एडवर्ड अॅपल्टन यांनी प्रयोग करून आकाशातला तो थर खरंच असल्याचं दाखवलं. पुढे याच संशोधनासाठी अॅपल्टन यांना १९४७ चं नोबेल मिळालं.

हेविसाइड मात्र त्यानंतर दोनच महिने जगला. शिडीवरून पडल्याचं निमित्त झालं आणि ३ फेब्रुवारी १९२५ ला त्याने जगाचा निरोप घेतला. पेंटनच्या स्मशानभूमीत आईवडिलांच्या शेजारी त्याला पुरलं.

आज लायब्ररीतून लाईनचा डबा उचलून सर्किटमध्ये टाकायला दोन सेकंद लागतात. वर आर, एल, जी, सी असं लिहिलेलं असतं, बनवणाऱ्याचं नाव नसतं. डब्याचं कामच ते आहे, आत कुणी काय केलं हे न विचारता वापरता यावं.

पण पुढच्या वेळी एलच्या जागी आकडा टाकाल तेव्हा टॉर्कीच्या त्या थंड घरातला म्हातारा एकदा तरी आठवा. तो आकडा वाढवायचा असतो, हे सगळ्यात आधी त्याने सांगितलं होतं.